वजन कमी करायचंय, पण शिफ्टमध्ये अधलंमधलं खाणं सुटत नाही? चाकण-भोसरीच्या कामगारांसाठी हिशोब वेगळा का आहे

चाकणच्या आंबेठाण चौकात पहाटे साडेपाचला कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्यांच्या हातात हमखास चहाचा कागदी कप दिसतो. सोबत दोन बिस्किटं, नाहीतर खारी. दिवसाचा हा पहिला चहा. फर्स्ट शिफ्ट सुटून माणूस घरी पोचेपर्यंत असे चार-पाच चहा होतात. मधे कँटीनचा नाश्ता होतो, जेवण होतं. परतताना बस पुणे-नाशिक महामार्गावर ट्रॅफिकमध्ये अडकली, की उतरल्या उतरल्या पाय आपोआप वडापावच्या गाडीकडे वळतात.

या माणसाने मोबाईलवर वजन कमी करायचे रील बघितले, तर त्याला सांगितलं जातं की सकाळी अकराला मूठभर बदाम खा आणि दुपारी चारला ग्रीक योगर्ट. अकरा वाजता त्याची लाईन चालू असते. चारला तो कुरुळीच्या आसपास कुठेतरी बसमध्ये उभा असतो. आणि महिन्यातून एक-दोन आठवडे नाईट लागते, तेव्हा सकाळचे अकरा म्हणजे त्याची मध्यरात्र.

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण, तळेगाव या पट्ट्यात लाखो लोकांची खायची वेळ पोट ठरवत नाही, कंपनीचं घड्याळ ठरवतं. म्हणूनच ‘तोंडावर ताबा ठेवा’ हा सल्ला इथे फार काळ टिकत नाही. अधलंमधलं खाणं आवरायचं असेल, तर ते शिफ्टमध्ये नेमकं कुठे शिरतं ते आधी शोधावं लागतं.

चहाची सुट्टी आली कुठून?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे टेल्को, बजाज ऑटो असे मोठे कारखाने आले आणि गावांचं शहर झालं. १९८२ मध्ये महापालिका झाली. चाकणला गाड्यांच्या कंपन्या नंतर आल्या, तोवर चाकण म्हटलं की कांद्याचा बाजारच आठवायचा.

कारखान्यांबरोबर भोंगा आला आणि भोंग्याबरोबर ठरलेल्या वेळी खाणंही आलं. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायला मनाई केली आणि मधे किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन हवंच, असंही त्यात होतं. नव्या कामगार संहितेत ही मर्यादा शंभर कामगारांवर आणली आहे. हा हक्क मोठा आहे, तो नसता तर अनेकांना दिवसभर उपाशीच राहावं लागलं असतं. मात्र त्यातून एक सवयही लागली. चहाची सुट्टी झाली की चहा घ्यायचा, भूक असो वा नसो. दहा मिनिटं मशीनपासून लांब जायला मिळतात आणि चार जणांशी बोलता येतं, तो चहा त्यासाठीच असतो. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये तर कँटीनच नसतं, तिथे कोपऱ्यावरची टपरी हेच कँटीन.

म्हणून चहाची सुट्टीच टाळा असं सांगण्यात अर्थ नाही. सुट्टी घ्यावी, कपात काय आहे ते बघावं.

हिशोब: वडापावपेक्षा चहा लबाड

एका वडापावमध्ये आकारानुसार साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरी असतात. सत्तर किलोच्या माणसाला तेवढ्या जाळायला तासभर तरी झपझप चालावं लागतं. वडापाव खाल्ला की खाल्ल्यासारखं वाटतं आणि तो लक्षातही राहतो. चहा लक्षात राहत नाही. एका कपात दोन चमचे साखर धरली तर चार चहांचे आठ चमचे होतात, म्हणजे जवळपास चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. चार चहांतच ती मर्यादा ओलांडली जाते. दूध आणि सोबतची बिस्किटं अजून धरलेलीच नाहीत.

टपरीवरची अडचण अशी की साखर पातेल्यातच उकळलेली असते. तिथे ‘कमी साखर’ म्हणून काही होत नाही, फक्त कप कमी करता येतात. फुलाऐवजी कटिंग घेतला तरी साखर निम्मी होते. कंपनीतल्या मशीनमध्ये बिनसाखरेचं बटण असेल तर तिथला चहा बिनसाखरेचा आणि टपरीचा एकच गोड, असं जमवता येतं. पहिले आठ-दहा दिवस बिनसाखरेचा चहा औषधासारखा लागतो. पुढे जीभ सरावते.

दुसरा लबाड पदार्थ म्हणजे फरसाण. शंभर ग्रॅम फरसाणात पाचशेच्या वर कॅलरी असतात. घरी आल्यावर चहाबरोबर वाटीभर म्हणून घेतलेलं फरसाण पन्नास ग्रॅम सहज भरतं, म्हणजे एक वडापाव झालाच.

‘आम्ही दिवसभर उभे असतो, सगळं जिरतं’ असंही बरेच जण म्हणतात. माल चढवणारे, फाउंड्रीत काम करणारे, जड पार्ट उचलणारे यांच्याबाबतीत ते खरं आहे. त्यांना जास्त खायला लागतं आणि त्यांनी ते खावंच. पण नुसतं उभं राहून बसण्यापेक्षा थोड्याच जास्त कॅलरी जळतात. लाईनवर एका जागी उभं राहून स्क्रू आवळणाऱ्याचं अंग दुखतं, पाय सुजतात, पण त्याने पोट कमी होत नाही.

‘मी तर बारीकच आहे’

या विषयातलं जगभर गाजलेलं एक काम पुण्यातलं आहे. केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के निघालं. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त अशी भारतीय शरीराची ठेवण असते, हे त्या एका फोटोने दाखवलं.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि २५ च्या वर लठ्ठपणा. त्याहून सोपी मोजणी शिंप्याच्या टेपने होते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर किंवा बाईची ८० च्या वर असेल, तर काटा काहीही म्हणो, लक्ष द्यायला हवं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत आहे, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत. मधुमेह झालेले १०.१ कोटी आणि उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी. विशीत ट्रेनी म्हणून लागलेल्या पोराच्या पँटचा नंबर दोन वर्षांत दोनदा बदलला, तर ते ‘अंगाला लागलं’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

झोप कमी, चरणं जास्त

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अकरा जणांना प्रयोगशाळेत ठेवलं. चौदा दिवस साडेआठ तास झोपायची मुभा दिली आणि चौदा दिवस फक्त साडेपाच तासांची. खायला हवं तेवढं मिळत होतं. झोप कमी असताना त्यांचं जेवण फारसं बदललं नाही. वाढलं ते मधलं खाणं, रोज सुमारे २२० कॅलरींनी. प्रयोग छोटा होता, पण नाईट करून आलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. झोप झालेली नसली की भाकरी-भाजी नको वाटते, काहीतरी कुरकुरीत नाहीतर गोड हवं असतं.

२०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेला दुसरा प्रयोग नाईटवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचा. एकोणीस निरोगी लोकांना प्रयोगशाळेत नाईट शिफ्टसारखं जागं ठेवलं. काहींना रात्री जेवण दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री खाणाऱ्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच खाणाऱ्यांची म्हणावी तशी वाढली नाही. शरीर रात्री साखर नीट हाताळू शकत नाही. जागं असलं तरी त्याच्या आतलं घड्याळ झोपेचीच वेळ दाखवत असतं.

दीक्षित की दिवेकर?

अधलंमधलं खाणं म्हटलं की मराठी घरात हा वाद निघतोच. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका. मूळ विचार दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर यांचा सुरुवातीपासूनचा सल्ला बरोबर उलटा, थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी, आणि घरचं खा. व्हॉट्सॲप ग्रुपवर या वादात नाती दुरावायची वेळ आलेली आहे.

संशोधन कुणाच्या बाजूने आहे? दिवसाच्या एकूण कॅलरी सारख्या ठेवल्या तर दोनदा खाल्लं काय आणि सहादा खाल्लं काय, वजनात फार फरक पडत नाही, असंच बहुतेक चाचण्यांत दिसतं. दोन्ही पद्धतींनी वजन कमी झालेली माणसं सापडतात, कारण दोन्हींत बिस्किटं, फरसाण आणि दहा वेळा तोंड चाळवणं बंद होतं.

शिफ्टमध्ये मात्र दोन्ही पद्धती अडतात. दर दोन तासांनी डबा उघडायला लाईन थांबत नाही. दोन जेवणांची वेळ पक्की करावी, तर पुढच्या आठवड्यात शिफ्ट बदलते. त्यातल्या त्यात जमण्यासारखा मार्ग मधला आहे. कँटीनचं किंवा डब्याचं जेवण पोटभर करायचं, पूर्ण शिफ्टमध्ये एकच मधलं खाणं ठेवायचं, ते काय असेल हे घरातून निघतानाच ठरवायचं आणि ज्या तासाला सगळ्यात जास्त भूक लागते तिथे खायचं.

हा तास कोणता?

फर्स्ट शिफ्टला तो सुटल्यानंतरचा. जेवण साडेअकरा-बाराला झालेलं असतं, घरी पोचायला चार-साडेचार, ट्रॅफिक असेल तर पाच. त्या भुकेला गाडीवरचा वडा आणि घरचं फरसाण दोन्ही सापडतात. पिशवीत फुटाणे किंवा केळं ठेवून ते बसमध्येच खाल्लं, तर उतरताना माणूस शुद्धीवर असतो.

नाईटला जेवण शक्यतो घरून निघण्याआधी करावं. रात्री दोनला कँटीनमध्ये भात-आमटीचं दुसरं पूर्ण ताट घेण्यापेक्षा उकडलेली अंडी, उसळ, ताक असं हलकं काही बरं. पहाटे चार-पाचला जी भूक वाटते ती बहुतेक झोप असते. त्या वेळी गोड चहा आणि क्रीमरोल घेतला की अर्धा तास तरतरी येते, पुन्हा पेंग येते. चेहऱ्यावर पाणी मारून चार पावलं चालून आलं तर तेवढंच काम होतं. सकाळी सुटल्यावर गरमागरम मिसळ खाऊन झोपणं हा या पट्ट्यातला मोठा आनंद आहे, पण आठवड्याचे सहाही दिवस तो घेतला तर वजन कमी होणार नाही. एखादा दिवस ठेवावा. बाकी दिवशी पोहे किंवा भाजी-पोळी थोडी खाऊन झोपावं. अगदी उपाशी झोपलं तर दुपारी बाराला भुकेने जाग येते आणि झोपेचंही वाटोळं होतं.

सगळ्यात अवघड सेकंड शिफ्ट. दुपारी दीडला घरी जेवण, रात्री आठच्या सुमारास कँटीनमध्ये जेवण, आणि बाराला घरी पोचल्यावर ताट झाकून ठेवलेलं असतं. आईने किंवा बायकोने वाट बघितलेली असते. ‘कँटीनमध्ये जेवलो’ म्हटलं की तिचं तोंड उतरतं, म्हणून निम्म्या भुकेवर दोन पोळ्या जातात. अर्ध्या तासात झोप. हे तिसरं जेवण कुणी स्नॅक म्हणून मोजत नाही, त्यामुळे कुठल्याच डाएटच्या यादीत ते येत नाही. तरी सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वजन वाढतं ते प्रामुख्याने इथे. यावर इच्छाशक्ती कामाची नाही, घरात बोलणं कामाचं. कँटीनमध्ये आठला हलकं घेऊन घरी जेवायचं, की कँटीनमध्ये पोटभर जेवून घरी फक्त वाटीभर ताक किंवा दूध घ्यायचं, हे आठवडा सुरू होण्याआधी दोघांनी ठरवलं तर कुणाचंच मन मोडत नाही. उशिरा खाण्याचा विचार केला तर दुसरा पर्याय बरा.

कॉट बेसिसवर राहणाऱ्याने काय न्यावं?

म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांतल्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली पोरं चार-सहा जणांत राहतात. अनेक खोल्यांत स्वयंपाकाची सोय नसते, जेवण मेसचं. त्यांना सॅलड आणि ओट्स सांगणं म्हणजे चेष्टाच.

त्यांच्यासाठी फुटाण्यांच्या जवळपास जाणारं दुसरं काही नाही. तीस ग्रॅम, म्हणजे एक मूठ फुटाण्यांत सुमारे ११० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. खराब होत नाहीत, खिशात मावतात, चावायला वेळ लागतो. भाजलेले शेंगदाणेही चांगले, पण त्यात तेल असल्याने तेवढ्याच मुठीत १७० कॅलरी होतात. शेंगदाणे मोजून न्यावेत, पुडा समोर ठेवून खाऊ नयेत. उकडलेल्या अंड्यात सत्तर-ऐंशी कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं असतात. केळं शंभरच्या आसपास. हंगामात पेरू आणि काकडी तर आहेतच. मोड आलेली मटकी कांदा-लिंबू घालून डब्यात नेली तर भेळेची हौसही भागते.

राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खाकरा यांना ‘हेल्दी’ समजण्याची चूक करू नये. चिक्कीत गूळ भरपूर असतो आणि गुळाच्या कॅलरी साखरेइतक्याच. एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला देहू, त्यामुळे या भागात एकादशी करणारे पुष्कळ. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि वर शेंगदाण्याचा लाडू झाला की ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे अक्षरशः खरं ठरतं.

पाकीट घ्यायचंच असेल तर मागची बाजू वाचावी. कॅलरीचे आकडे बऱ्याचदा शंभर ग्रॅमचे किंवा ‘एका सर्व्हिंग’चे असतात आणि सर्व्हिंग तीस ग्रॅमची धरलेली असते. पाकीट नव्वद ग्रॅमचं असेल तर आकड्याला तीनने गुणावं, कारण अर्धं पाकीट कुणी परत ठेवत नाही. त्याला कारणही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पाकिटबंद प्रकारचं अन्न खाताना ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, तेही लक्षात न येता.

समोशावर खरंच इशारा येणार होता का?

जुलै २०२५ मध्ये समोसा आणि जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार, अशी बातमी नागपूरच्या एम्सचा हवाला देत सगळीकडे फिरली. केंद्र सरकारने लगेच खुलासा केला की असा कुठलाही इशारा नाही. आरोग्य मंत्रालयाची सूचना होती ती कामाच्या ठिकाणी, म्हणजे कँटीन, लॉबी, मीटिंगच्या खोल्या अशा जागी, पदार्थांतलं लपलेलं तेल आणि साखर दाखवणारे फलक लावण्याबाबत. मीम्सच्या गदारोळात हे मागे पडलं. कारखान्याच्या कँटीन कमिटीत बसणाऱ्यांनी मात्र ते उचलण्यासारखं आहे. फलक लावला म्हणून कुणी भजी सोडणार नाही, पण संध्याकाळच्या नाश्त्याला आठवड्यातून तीन दिवस तळणाऐवजी उसळ, उपमा किंवा उकडलेली अंडी ठेवली, तर हजार जणांचा हिशोब एकदम बदलतो. एकट्याने डबा सांभाळण्यापेक्षा ते सोपं.

कुणी हे असं करू नये?

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मधलं खाणं स्वतःच्या मनाने बंद करणं धोक्याचं आहे. साखर एकदम उतरली तर घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रेसवर, क्रेनखाली किंवा फोर्कलिफ्टवर असताना हे झालं तर जिवावर बेतू शकतं. अशांनी शिफ्टचं वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून गोळीची आणि खाण्याची वेळ ठरवून घ्यावी, आणि नाईट लागली की पुन्हा विचारावं. गरोदर बायका आणि पोटात अल्सर असलेल्यांनीही उपास-प्रकार टाळावेत. बाकीच्यांनी आठवड्याला अर्धा किलो कमी होणं पुरेसं समजावं.

कंबर वर दिलेल्या आकड्याच्या पुढे असेल, सारखी तहान लागत असेल किंवा रात्री लघवीला वारंवार उठावं लागत असेल, तर डाएट सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर तपासावी. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असलेले बहुतेक कारखाना कामगार ईएसआयसीच्या योजनेत येतात, कंत्राटी असले तरी. त्यांच्यासाठी चिंचवडला ईएसआयसीचं रुग्णालय आहे. बाकीच्यांना पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, जवळ पडतं. तपासणीला जाताना आदल्या रात्रीपासून आठ-दहा तास काही खायचं नसतं, चहाही नाही. नाईट करून थेट जाणार असाल तर शिफ्टमध्ये काय आणि कधी खाल्लं ते तिथे आधीच सांगावं.